जनरलमधली जागा

मेजर जनरल वामन नान्हे यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांच्या डोक्यावर मासळीचा वास येणारा एक ओला दुपट्टा होता आणि तो दुपट्टा टाकणाऱ्या माणसाची टोपली माझ्या हातात होती. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याची ओळख करून द्यायला ही काही शोभेची सुरुवात नाही, हे मला कळतं. पण झालं ते असंच झालं, आणि ते साहेबांनाच सांगायला फार आवडायचं.

मी सलीम, बल्लारपूरचा शिंपी. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. मिलच्या कामगारांचे खाकी कपडे, शाळेचे गणवेश आणि लग्नसराईत कुणाकुणाच्या शेरवान्या, एवढाच माझा पसारा. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. आपल्या भागातला एक ढिवराचा, म्हणजे मासे धरणाऱ्याचा, पोरगा सैन्यात जनरल होऊन निवृत्त झाला आणि कायमचा गावी येतोय, अशी बातमी आली. त्याचं गाव चिचखेडा, बल्लारपूरच्या पुढचंच स्टेशन. लगेच शहरातल्या चार मान्यवरांनी सत्कार समिती काढली. बँड ठरला, हार ठरले आणि मला रेशमी पट्टा शिवायचं काम मिळालं. पट्ट्यावर जरीच्या धाग्याने 'मेजर जनरल वामन नान्हे' असं काढायचं होतं. माझा अंदाज चुकला आणि पट्ट्यावर 'जनरल' एवढंच मावलं. लोक समजून घेतील म्हणून मी तोच घेऊन स्टेशनवर गेलो.

तिथे मला सोमाभाऊ भेटले. सोमाजी नान्हे हे जनरलसाहेबांचे सख्खे थोरले भाऊ. चिचखेड्याच्या तलावातली मासळी टोपलीत घालून ते रोज सकाळी बल्लारपूरच्या बाजारात आणत, ती खपली की माझ्या दुकानात चहा घेत आणि दुपारच्या गाडीने परत जात. उंच, काटकुळे, चेहऱ्यावर कधी काही दिसायचं नाही. त्या दिवशीही ते रिकामी टोपली घेऊन नेहमीच्या जागी उभे होते. मी म्हटलं, तुमचा भाऊ येऊन राहिलाय, तिकडे समितीत जाऊन उभे राहा. ते म्हणाले, "तो त घरीच येते ना. मले जागा पायजे."

आमच्याकडे नुसतं 'जनरल' म्हटलं की गाडीचा बिनरिझर्वेशनचा डबा. त्या डब्याचा एक कायदा आहे. गाडी पूर्ण थांबायच्या आत खिडकीतून आपला खांद्यावरचा दुपट्टा आत फेकायचा. तो ज्या बाकावर पडेल ती जागा आपली. आत शिरायला मग दहा मिनिटं लागली तरी चालतात. रेल्वेने हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या सगळ्या कायद्यांपेक्षा तो जास्त पाळला जातो. गाडी आली. सोमाभाऊंनी टोपली माझ्या हातात दिली, धावत जाऊन खिडकीतून दुपट्टा फेकला आणि तो थेट एका बुटक्या, टकल्या माणसाच्या डोक्यावर जाऊन पडला.

दुपट्ट्याखालून भारदस्त आवाज आला, "इथी माणूस बसला हाय गा." मग तोच आवाज एकदम लहान झाला. "भाऊ? हा वास आपल्या तलावाचा हाय."

तिकडे बँड पहिल्या वर्गाच्या डब्यासमोर वाजत होता. समितीने विजयवाड्याला निघालेल्या एका जाडजूड व्यापाऱ्याच्या गळ्यात सगळे हार घातले होते, आणि त्यानेही ते हसतमुखाने घालून घेतले होते. इकडे सोमाभाऊ डब्यात शिरून भावाच्या शेजारी बसलेसुद्धा. टोपली द्यायला म्हणून मी आत चढलो आणि गाडी सुटली. त्यामुळे भावाभावांची ती ऐतिहासिक भेट मला समोरच्या बाकावरून, एका मांडीवर टोपली आणि दुसऱ्या मांडीवर पट्टा ठेवून पाहायला मिळाली.

सोमाभाऊंनी त्यांना खालवर न्याहाळलं आणि विचारलं, "काय होऊन आला?"

"जनरल," साहेब छाती काढून म्हणाले.

"इतके वर्ष नोकरी केली, आन् जनरलच?" सोमाभाऊंनी डब्यावरून नजर फिरवली. "मी त बिना नोकरीचा इथी बसून राह्यलो ना."

अख्खा डबा हसला. साहेबांनी घाईघाईने सांगितलं, की नुसता जनरल नाही, मेजर जनरल. सोमाभाऊंनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मेजर म्हणजे लयच गर्दीचा असंन." साहेबांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा या एका वाक्याने ठरली, असं मी मानतो.

समितीने पट्टा माझ्याकडे पुन्हा मागितला नाही. मी तो सोमाभाऊंच्या बायकोला, तुळसाबाईंना दिला. त्यांनी रेशीम वाया कशाला घालवायचं म्हणून तो बकरीच्या गळ्यात बांधला. चिचखेड्यात बरेच दिवस दोन जनरल होते, आणि पाहुण्यांना आधी चार पायांचा दिसायचा.

साहेबांची बायको आधीच वारली होती, मुलगी बंगळुरूला होती. त्यांनी तलावाच्या काठावर दोन खोल्यांचं घर बांधलं आणि आलापल्लीहून सागवानाची एक खुर्ची करून आणली. त्या खुर्चीत बसून ते तलावाची पाहणी करत. कपडे शिवायला ते माझ्याकडे येऊ लागले. शिंप्याला माणसाची काही गुपितं आपोआप कळतात. साहेबांची उंची पाच फूट तीन इंच. डावी मांडी उजवीपेक्षा पाऊण इंचाने बारीक. मी कारण विचारलं तर म्हणाले, एका गोळीने तिथे काही दिवस मुक्काम केला होता. दोन लढाया पाहिलेला माणूस, पण त्यांवर यापलीकडे बोलायचे नाहीत. आचाऱ्यांच्या, खेचरांच्या आणि वरिष्ठांच्या बायकांच्या गोष्टी मात्र तासनतास सांगायचे.

एकच लढाईची गोष्ट त्यांनी मला सांगितली, तीही आवाजाबद्दल होती. ते कॅप्टन असताना बर्फाच्या डोंगरात धुकं उतरलं आणि तीस माणसं वाट चुकली. स्वतःचा हात दिसत नव्हता. साहेब एका दगडावर उभे राहिले आणि रात्र होईपर्यंत एकसारखे ओरडत राहिले. त्या आवाजाच्या रोखाने तिसांचे तीस परत आले. "मास्तर, हुकूम छोटा पाहिजे, आवाज मोठा," हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि आवाज खरोखरच मोठा होता. ते काठावरून "रिपोर्ट!" म्हणून हाक मारत, तेव्हा पलीकडच्या काठावरचे बगळे उडत. गावात कुणीही समोर आलं की त्याने आपलं नाव, काम आणि तब्येत सांगायची, असा त्यांचा दंडक होता. पोस्टमनपासून सरपंचांपर्यंत सगळे सांगायचे, आणि वर कडक सॅल्यूट ठोकायचे. ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या फाटकावरचे माजी सैनिक तर त्यांची जीप लांबून पाहिली तरी ताठ व्हायचे.

ठोकत नव्हता फक्त एक माणूस. तो रोज सकाळी टोपली घेऊन त्यांच्या खुर्चीसमोरून जायचा आणि म्हणायचा, "उठला का गा वाम्या?"

एकदा पँटचं माप देताना साहेब आरशात पाहून मला म्हणाले, की मास्तर, आयुष्यात सॅल्यूट एवढे घेतले की हात दुखला. पण भाऊने एकदा ठोकला पाहिजे, मग मी सुटलो. मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि मी टेप गुंडाळून ठेवला. साठीला टेकलेला तो माणूस हे अगदी मनापासून सांगत होता.

सोमाभाऊंच्या मनात काय अडकलं होतं ते मला त्यांच्याकडूनच कळलं होतं. वडील लवकर गेले. तलावात ओढायचं मोठं जाळं दोघांचं असतं. एकाने एका काठाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसऱ्या काठाने, आणि कमरेएवढ्या पाण्यातून सावकाश ओढत न्यायचं. मध्ये बोलायचं नाही, मासळीला ऐकू जातं. जे सांगायचं ते दोराने. एक झटका म्हणजे थांब, दोन झटके म्हणजे चाल. सोमाभाऊ पंचवीस वर्षांचे आणि वामन अठराचा. एके सकाळी चंद्रपुरात सैन्यभरती होती. सांगितलं असतं तर भावाने सोडलं नसतं. म्हणून वामनने काय केलं, तर आपल्याकडचं टोक काठावरच्या पळसाच्या झाडाला बांधलं आणि ओल्या चड्डीवर पळाला.

"मले काय मालूम?" सोमाभाऊ सांगायचे. "काठाले वेल वाढली होती, पलीकडचं दिसे नाई. मी ओढतो त तिकडून बी जोर. मले वाटलं आज वाम्यानं जोर धरला. अर्धा घंटा मी त्या पळसाले मनातल्या मनात शाबास शाबास म्हणून राह्यलो."

जाळं मधोमध फाटलं. पुढे वामन परीक्षा देत देत शिपायाचा अधिकारी झाला, सुट्टीवर आला की चार दिवस राहून जायचा. आई गेली तेव्हा तो सरहद्दीवर होता, तार अकरा दिवसांनी मिळाली. पत्रं यायची, ती पोस्टमन वाचून दाखवायचा, कारण सोमाभाऊंना अक्षरओळख नव्हती. दुसरं टोक धरायला सोमाभाऊ कधी याला बोलवायचे, कधी त्याला. "सर्व्यात बरा तो पळसच होता," असं म्हणायचे. हे ते हसत सांगत, पण दर वेळी जाळं कुठे फाटलं ती जागा हाताने हवेत दाखवत.

शेवटी साहेबांनी एका उन्हाळ्यात माझ्यादेखत विषय काढलाच. तलावाच्या काठावर आम्ही तिघे बसलो होतो.

"भाऊ, तू मले एक सलाम ठोकशील का?"

"काऊन? त्या पळसाले ठोकतो ना. माह्यासंगं त्यानं ओढलं."

मग सोमाभाऊंनीच अट घातली. पाणी उतरलं की वर्षाला एकदा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, साहेबांनी जाळ्याचं दुसरं टोक धरायचं. सगळं जाळं काठाला लागेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. जमलं तर सोमाभाऊ सगळ्या गावासमोर सलाम ठोकतील. साहेब मोठ्याने हसले. एवढंच ना, म्हणाले.

पहिल्या वर्षी ते पंधरा पावलं गेले. मग समोरून मासळी डावीकडे सटकताना दिसली आणि त्यांच्या तोंडून गेलं, "लेफ्ट से दबाओ!" पलीकडच्या काठाचे बगळे उडाले, आणि मासळीही गेली. सोमाभाऊंनी शांतपणे आपलं टोक खाली टाकलं आणि बिडी पेटवली.

दुसऱ्या वर्षी अर्ध्याच्या पुढे गेले आणि एक भला मोठा मासा जाळ्यात उडालेला पाहून "शाबास" म्हणाले. यावर आठवडाभर वाद झाला. शाबास हा हुकूम नाही, असं साहेबांचं म्हणणं. "शब्द त हाय ना?" असं सोमाभाऊंचं. निवाडा माझ्याकडे आला. मी सोमाभाऊंच्या बाजूने दिला, कारण मासळी मला त्यांच्याकडून मिळत होती. साहेबांनी दोन महिने पँट दुसऱ्या शिंप्याकडे शिवली आणि ती तंग झाल्यावर परत आले.

तिसऱ्या वर्षी त्यांनी डावपेच आखला. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा गच्च भरून पाण्यात उतरले, म्हणजे बोलायला जागाच उरणार नाही. पाऊण तलाव झाला. गाव श्वास रोखून काठावर उभं. तेवढ्यात पाण्यातला साप त्यांच्या छातीला घासून गेला. साहेबांनी खर्रा गिळला आणि मग सापाला जे ऐकवलं, ते सैन्यातही वरच्या दर्जाच्या लोकांनाच येत असावं. तुळसाबाईंनी पोरींना घरात पाठवलं. साहेबांना दोन दिवस उलट्या झाल्या, आणि सोमाभाऊ पेज घेऊन सकाळ संध्याकाळ त्यांच्या उशाशी बसून होते. सलामाचा विषय दोघांनीही काढला नाही.

दर वेळी हरल्यावर साहेब मला म्हणायचे, "मास्तर, माघार नाही. नुसता वळसा." आणि पुढच्या वर्षाची तयारी सुरू व्हायची. घरी ते रोज एक तास मौन पाळत, आणि तो तास संपला की झालेलं नुकसान भरून काढत.

एकदा तुळसाबाईंनी मला बाजूला घेतलं. कुणाला न सांगायची शपथ घातली आणि म्हणाल्या, की भाऊजी जनरल झाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी यांनी पोस्टमनकडून ते तीनदा वाचून घेतलं. मग दिवसभराची सगळी मासळी गावात वाटून टाकली आणि कुणी कारण विचारलं तर म्हणाले, आज बाजार बंद आहे. म्हणजे जनरल म्हणजे काय, हे या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन साहेबांना सांगून टाकलं. शपथ बकरीसमोर घेतली होती, ती मी फारशी मनावर घेतली नाही. साहेब खुर्चीतून उठले, तलावाकडे बघत उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "शत्रूच्या गोटातली बातमी आहे. खात्री करावी लागेल." पण त्या दिवशी त्यांनी कुणालाच रिपोर्ट विचारला नाही.

अशी आठ वर्षं गेली. नवव्या वर्षी पावसाळा संपता संपता साहेबांचा आवाज बसला. त्यांनी आधी काढे घेतले, मग हवेला दोष दिला. नागपूरला नेलं तर घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि गाठीबरोबर आवाजही गेला, कायमचा.

परत आले तेव्हा गळ्याला छिद्र होतं. ते झाकायला मी मऊ सुती रुमाल शिवले, सात, सगळे सैन्याच्या हिरव्या रंगाचे. रुमालाखाली गळ्यात एक शिट्टी, ती ते गालांत हवा भरून वाजवायचे. हातात शाळेतली पाटी. आम्हाला काही सांगायचं तर पाटीवर लिहायचे. पण भाऊला वाचता येत नव्हतं. त्यामुळे दोघांच्या मध्ये मी. बल्लारपूरच्या शिंप्याला वयाच्या पन्नाशीत जनरलचा आवाज व्हायचं काम आलं. मला ते झेपणारं नव्हतं. पहिल्या दिवशी पाटी हातात आली तेव्हा मला अक्षरं दिसेनात, चष्मा पुसत बसलो. साहेबांनी माझ्या पाठीत एक गुद्दा घातला.

पाटीवर लिहिलं होतं, "या वर्षीचा डाव कधी?"

मी वाचून दाखवलं. सोमाभाऊ बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले, जणू त्यांनाच ते वाचायचं होतं. मग म्हणाले, थंडी सरू दे.

फाल्गुनात दोघे पाण्यात उतरले. सोमाभाऊंनी सत्तरी ओलांडलेली, साहेब अर्धे झालेले. गळ्याला पाणी लागू नये म्हणून काठाकाठाने चालायचं ठरलं होतं. मी पाटी घेऊन काठावर. सगळं गाव जमलं होतं, पण हसत कुणी नव्हतं. आता यात जिंकण्यासारखं काय उरलं, असं प्रत्येकाला वाटत होतं. मलाही वाटत होतं, पण मग अर्ध्या तलावात सोमाभाऊंच्या बाजूला जाळं बुडालेल्या खुंटाला अडकलं. सोमाभाऊंच्या लक्षात आलं नाही, ते ओढतच होते. अजून दोन पावलं आणि जाळं फाटणार, पुन्हा एकदा. साहेबांना पलीकडून ते स्वच्छ दिसत होतं. त्यांचा हात शिट्टीकडे गेला. शिट्टी ओठांपर्यंत आली. मी डोळे मिटले.

शिट्टी वाजली नाही. डोळे उघडले तर ती पुन्हा छातीवर लोंबत होती, आणि साहेबांनी दोराला एकच झटका दिला होता. थांब. सोमाभाऊ थांबले, वळून पाहिलं, खुंट सोडवला. मग दोन झटके. चाल.

जाळं काठाला लागलं. मासळी इतकी होती की पोरांनी उड्या मारल्या. साहेब गुडघाभर पाण्यात सावधान उभे राहिले, हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटलेले. वाट पाहत. जाळं सगळं बाहेर आलेलं असूनही सोमाभाऊंनी दोर उचलला आणि त्याला हळूच एक झटका दिला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मग ते म्हणाले, "हे मी नाई मानत."

साहेबांनी माझ्या हातातली पाटी ओढली आणि ओल्या बोटांनी लिहिलं. मी ओरडूनच वाचलं, "शिट्टी होती!"

"शिट्टी म्हणजे काई बोलणं नोहे," सोमाभाऊ म्हणाले. "बोलता आलं असतं आन् गप राह्यला असता, त गोष्ट अलग. पुढच्या वर्षी पाहू."

एवढा निर्दय माणूस मी पाहिला नव्हता. गाव कुजबुजलं. साहेबांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत. ते हसत होते. आवाज नसलेलं ते हसणं थांबेना, शेवटी पाण्यातच बसले. मग पाटीवर लिहिलं: माघार नाही. मी मात्र सोमाभाऊंशी महिनाभर बोललो नाही. ते दुकानात आले की मी मशीन जोरात चालवायचो. ते चहा पिऊन, कप विसळून, गपचूप निघून जायचे.

डॉक्टरांनी साहेबांना पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. साहेबांनी पावसाळा काढला. दिवाळी काढली. सागवानी खुर्ची तलावाकडे वळवून, पाणी किती उतरलं याची रोज पाटीवर नोंद ठेवली. कुणी भेटायला आलं की लिहायचे, "फाल्गुनात डाव आहे. यावे." पौषात, एका सकाळी, खुर्चीतच गेले. पाटी मांडीवर होती, कोरी.

नागपूरकडून जवान आले. त्यांचा एक तरुण अधिकारी आला. तलावाच्या काठावर चिता रचली. तिरंग्यात गुंडाळलेले साहेब अजूनच लहान दिसत होते. बिगुल वाजला, बंदुका उडाल्या, पलीकडच्या काठाचे बगळे उडाले. गर्दीतून सोमाभाऊ माझ्याजवळ आले आणि माझा हात धरला.

"सलीमभाऊ, सलाम कोनत्या हातानं करते?"

इतक्या दिवसांचा राग माझ्या तोंडावर आला. मी म्हटलं, त्या दिवशी केला असता तर मेला असता का तुम्ही? तो जिंकला होता.

"जिंकला होता ना. मले का नाई मालूम?" सोमाभाऊ चितेकडे पाहून बोलत होते. "त्याची एवढी एकच गोष्ट बाकी होती. ते बी देऊन टाकली असती, त तो कायच्यासाठी थांबला असता? ज्याचं काई बाकी राह्यते, तो थांबते. म्हून मी झटका देल्ला. थांब म्हून."

मग मी त्यांना सांगितलं, उजव्या हाताने.

तिरंगा काढून त्याची घडी केली गेली. सोमाभाऊ पुढे झाले. उजव्या हातात दुपट्टा होता, तो खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी पाय जुळवले, पाठ जमेल तेवढी सरळ केली आणि डाव्या हाताने सलाम ठोकला. बराच वेळ तो हात कपाळाशी राहिला. तरुण अधिकाऱ्याने चूक पाहिली, आणि स्वतःच सावधान होऊन सॅल्यूट केला. मागचे सगळे जवानही ताठ झाले.

मग सोमाभाऊंनी तो मासळीचा वास येणारा दुपट्टा झटकला आणि खिडकीतून टाकावा तसा साहेबांच्या छातीवर टाकला.

"जागा धरून ठेवजो वाम्या," ते म्हणाले. "खिडकीची."

अग्नी द्यायच्या आधी त्या अधिकाऱ्याला तो दुपट्टा चुकून पडला असावा असं वाटलं. उचलायला तो वाकला. मी त्याचा हात धरला.

"राहू द्या साहेब," मी म्हटलं. "ती जागा धरलेली आहे."